स्क्लोदी गावचे स्क्लोदोव्स्की

१८९८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तांत पाच महिन्यांच्या अंतराने दोन निबंध प्रसिद्ध झाले. पहिला १८ जुलैचा. त्यात एका नव्या धातूची चाहूल लागल्याचे सांगितले होते आणि त्याचे अस्तित्व पक्के ठरल्यास, आम्हां दोघांपैकी एकाच्या मायदेशावरून त्याला ‘पोलोनियम’ म्हणावे, असे सुचवले होते. दुसरा २६ डिसेंबरचा, रेडियमची वार्ता देणारा. दोन्हींवर पिएर क्युरी यांच्या नावाला लागून त्यांच्या पत्नीचे, म्हणजे मारी क्युरी यांचे, नाव आहे. पण जुलैत ते ‘मादाम एस. क्युरी’ असे छापले आहे आणि डिसेंबरात ‘मादाम पी. क्युरी’ असे. ‘पी’ म्हणजे पिएर हे उघडच आहे, आणि ‘एस’ म्हणजे स्क्लोदोव्स्का, हे त्यांचे माहेरचे आडनाव. लग्न झाले की बाईच्या नावातले मधले आद्याक्षर वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असल्यामुळे डिसेंबरातल्या त्या ‘पी’चे मराठी वाचकाला विशेष काही वाटणार नाही. मला कुतूहल आहे ते जुलैतल्या ‘एस’चे. १७९५ पासून युरोपच्या नकाशावर नसलेल्या देशाचे नाव एका मूलद्रव्याला देऊ करणाऱ्या त्याच निबंधावर त्या देशातल्या एका कुळाचे आद्याक्षरही उभे आहे, आणि ते कूळ कोठून आले याचा माग काढू लागले की वाट प्रयोगशाळेकडे न जाता शेतात जाते.

वॉर्साच्या ईशान्येस, सुमारे शंभर किलोमीटरवर, ओस्त्रूव माझोव्येत्स्का या तालुक्याच्या गावापलीकडे झारेंबी कोश्चेल्ने नावाचे गाव आहे. त्याच्या आसपास स्क्लोदी या एकाच नावाच्या लहान लहान वस्त्या विखुरलेल्या आहेत: स्क्लोदी-प्योत्रोवित्से, स्क्लोदी-स्ताखी, मधली स्क्लोदी, रानाकडची स्क्लोदी. प्योत्र आणि स्ताख ही माणसांची नावे. एका कुळाची जमीन भावाभावांत वाटली जाई, प्रत्येक वाट्यावर वेगळी वस्ती होई आणि मूळ गावाच्या नावापुढे त्या वाट्याच्या धन्याचे नाव चिकटे. माझोव्हिया प्रांतात अशी जोडनावांची गावे शेकड्यांनी आढळतात. स्क्लोदोव्स्की हे आडनाव याच स्क्लोदीतून निघाले, आणि ज्या शाखेत पुढे मारिया स्क्लोदोव्स्का जन्मली तिचे मूळ स्क्लोदी-प्योत्रोवित्से हे मानले जाते.

उच्चाराचे एकदा सांगून टाकतो. पोलिश लिपीत या आडनावातल्या ‘ल’च्या अक्षरावर तिरकी रेघ मारलेली असते आणि आजच्या पोलिश बोलीत त्याचा उच्चार ‘व’च्या जवळ जातो, शिवाय पुढचा ‘व’ हा ‘फ’सारखा ऐकू येतो, म्हणजे आज वॉर्सात कोणी हे नाव घेतले तर ते ‘स्क्वोदोफ्स्का’ असे कानावर पडेल. पण तो रेघवाला ‘ल’ पूर्वी जड, टाळूकडे ओढलेला ‘ल’ होता, रंगभूमीवरच्या शुद्ध बोलण्यात तर तो विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होता, आणि म्हणून मराठीत रूढ झालेले ‘स्क्लोदोव्स्का’ हे रूप अगदीच परके म्हणता येत नाही. मी तेच वापरणार आहे.

मध्ययुगात पोलंडमधल्या सरदारांना आडनाव असे नव्हते. लॅटिन दस्तऐवजांत आणि पोलिश बोलण्यातही माणूस त्याच्या गावाने ओळखला जाई: तार्नूवचा यान, तेंचिनचा आंद्झेय. पंधराव्या-सोळाव्या शतकांत या ‘अमक्या गावचा’ऐवजी गावाच्या नावाला ‘स्की’ हा विशेषणाचा प्रत्यय लावण्याची रीत पडली आणि तार्नूवचा यान हा यान तार्नोव्स्की झाला. आपल्या ‘कर’ची आठवण येथे कोणालाही होईल, आणि ती चुकीची नाही, मात्र एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. ‘कर’ लागण्यास त्या गावी राहिलेले असणे पुरते, तर सुरुवातीच्या ‘स्की’मागे ते गाव, निदान त्याचा एखादा तुकडा, आपल्या मालकीचा असल्याचा दावा असे. म्हणूनच हा प्रत्यय प्रतिष्ठेचा झाला, आणि प्रतिष्ठेचा झाला म्हणूनच पुढे ज्यांच्याकडे गावही नव्हते आणि जमीनही नव्हती अशा कारागिरांनी व शेतकऱ्यांनी तो आपल्या नावांना लावून घेतला. आज पोलंडमधल्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या आडनावांत गणला जाणारा कोवाल्स्की हा मुळात कोवाल, म्हणजे लोहार आहे. १९२१ च्या राज्यघटनेने सरदारी पदव्या आणि कुलचिन्हे यांची सरकारी मान्यता काढून घेतली तोवर ‘स्की’वरून कोणाची जात-प्रतिष्ठा ओळखण्याचे दिवस केव्हाच संपले होते.

स्क्लोदोव्स्की मात्र जुन्या अर्थाने ‘स्की’ होते. ते श्लाख्ता, म्हणजे पोलंडच्या उमराव वर्गातले, आणि त्यांचे कुलचिन्ह दोलेंगा: निळ्या पार्श्वभूमीवर घोड्याचा नाल, त्याच्या माथ्यावर क्रूस आणि नालाच्या पोटात खाली टोक केलेला बाण. पश्चिम युरोपात प्रत्येक घराण्याचे चिन्ह स्वतंत्र असते. पोलंडमध्ये मात्र एकच चिन्ह वेगवेगळ्या आडनावांची डझनावारी घराणी वापरत, आणि त्या सगळ्यांचा एकमेकांशी रक्तसंबंध असेच असे नाही. त्यामुळे दोलेंगा चिन्हाचे असणे हे आपल्या डोळ्यांपुढे ‘उमराव’ म्हटल्यावर येणाऱ्या वाड्याहुड्यांचे लक्षण मुळीच नव्हते. अठराव्या शतकात पोलंडमध्ये लोकसंख्येचा आठ ते दहा टक्के भाग या वर्गात मोडे, माझोव्हियात तर हे प्रमाण याहून बरेच मोठे होते, आणि त्यांतल्या बहुसंख्यांजवळ स्वतःच्या हाताने नांगरावी लागेल एवढीच जमीन असे. राजाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मात्र त्यांना धनाढ्य सरदारांच्या बरोबरीचा होता. ‘आपल्या अंगणातला श्लाख्तिच हा सुभेदाराच्या तोडीचा’ अशी एक पोलिश म्हण या अभिमानावरच आलेली आहे. म्हणी बहुधा ज्या गोष्टीबद्दल मनात शंका असते तीच ठासून सांगतात, असे माझे मत आहे.

देश तीन साम्राज्यांनी वाटून घेतल्यावर या अंगणवाल्या उमरावांची परीक्षा झाली. माझोव्हिया अखेर रशियाच्या ताब्यातल्या भागात आला. तेथे १८३६ मध्ये कायदा झाला, की ज्याला आपण उमराव असल्याचे सांगायचे असेल त्याने कुलनोंदणीच्या कचेरीपुढे कागदपत्रांनिशी ते सिद्ध करावे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात नांदलेल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी निर्विवाद मानलेल्या कुटुंबांजवळ असे कागद कोठून असणार? पुष्कळांचा दर्जा गेला. रशियाविरुद्धचे उठाव फसल्यावर पुष्कळांची जमीनही गेली. जे राहिले त्यांच्या मुलांपुढे शिकून नोकरी धरण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि एकोणिसाव्या शतकातला पोलंडचा सुशिक्षित मध्यमवर्ग बव्हंशी याच जमीन गमावलेल्या घरांतून उभा राहिला, ही त्या देशाच्या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी घडामोड आहे. शाळामास्तर, वैद्य, इंजिनियर, पत्रकार यांच्या नावांच्या शेवटी जे असंख्य ‘स्की’ दिसतात त्यांच्यामागे कोठेतरी अशी एखादी स्क्लोदी असते.

मारियाचा आजोबा युझेफ स्क्लोदोव्स्की हा या स्थित्यंतरातला स्क्लोदोव्स्की कुळाचा माणूस. १८०४ साली जन्मलेल्या या गृहस्थाने शेती सोडून शिक्षण घेतले, विज्ञान शिकवले आणि अखेर लुब्लिन येथे शाळेचा मुख्याध्यापक झाला. पुढे पोलिश कादंबरीकार म्हणून विख्यात झालेला बोलेस्लाव प्रूस त्याच्या शाळेतला विद्यार्थी. युझेफचा मुलगा व्लादिस्लाव हाही गणिताचा आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक झाला. म्हणजे मारियाच्या जन्मापूर्वीच या आडनावाचा अर्थ दोन पिढ्यांत पालटून गेला होता: स्क्लोदीतल्या जमिनीशी त्याचे नाते केवळ अक्षरांपुरते उरले आणि ज्यांच्या हाती खडू आहे असे एक घराणे, ही त्याची नवी ओळख झाली.

मारिया ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सातल्या फ्रेता रस्त्यावर जन्मली. १८६३ चा उठाव मोडून काढल्यानंतरची ही वर्षे होती आणि पोलिश भाषा एकेका कचेरीतून हुसकली जात होती. १८६८ पासून त्या प्रदेशातल्या जन्म, विवाह आणि मृत्यूंच्या नोंदी रशियन भाषेत लिहिल्या जाऊ लागल्या. शाळांतही रशियन आली. रशियन लिपीत रेघवाला ‘ल’ नाही, आणि रशियन व्याकरणात बाईच्या आडनावाचा शेवट ‘स्का’ होत नाही, ‘स्काया’ होतो; तेव्हा १८८३ मध्ये मारियाने सुवर्णपदकासह शाळा पूर्ण केली ती सरकारी कागदावर ‘स्क्लोदोव्स्काया’ म्हणून. वडिलांच्या वाट्याला याहून जास्त आले. शाळांमधले प्रयोगांचे शिक्षण राज्यकर्त्यांनी बंद केले तेव्हा व्लादिस्लावने आपली उपकरणे घरी आणून ठेवली आणि मुलांना ती दाखवली. १८७३ मध्ये पोलिश बाण्यामुळे त्याची अधिकाराची जागा गेली, तिच्याबरोबर राहायचे सरकारी घर गेले, आणि मग घरात विद्यार्थी ठेवून घेऊन संसार चालवावा लागला. त्या गर्दीतून आलेल्या टायफसने थोरली मुलगी झोफिया हिरावली. १८७८ मध्ये क्षयाने मुलांची आई ब्रोनिस्लावा गेली.

कुळाचा मान आणि हातातला पैसा यांची फारकत किती पुरी झाली होती हे श्चुकी गावात कळून आले. १८८६ मध्ये मारिया तेथे झोराव्स्की या जमीनदार कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. पॅरिसमध्ये वैद्यक शिकणाऱ्या बहिणीला पैसे पाठवायचे आणि तिचे शिक्षण झाले की तिने आपल्याला बोलवायचे, असा बहिणींचा करार होता. हे झोराव्स्की तिच्या वडिलांचे दूरचे नातलगही लागत. घरचा थोरला मुलगा काझिमिएझ, जो पुढे नामांकित गणिती झाला, तो आणि मारिया एकमेकांच्या प्रेमात पडली, त्यांनी लग्नाचे ठरवले आणि त्याच्या आईवडिलांनी नकार दिला. नकाराचे कारण कूळ नव्हते. दोन्हीकडे ‘स्की’च होते, दोन्हीकडे उमरावकी होती, श्चुकीही त्याच माझोव्हियात आहे. मुलगी पगारावर काम करणारी आणि कफल्लक, एवढेच कारण होते. नकारानंतरही तिला त्याच घरात नोकरी करीत राहावे लागले, कारण बहिणीला पाठवायचे पैसे तेथूनच येत होते. अंगणातल्या उमरावाची ती म्हण त्या घरात कोणाला आठवली असेल का, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

स्त्रियांच्या आडनावांचे पोलिश व्याकरण थोडे वेगळे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे नीट कळत नाही. ‘स्की’ हे विशेषण असल्यामुळे ते लिंगाप्रमाणे बदलते: बाप स्क्लोदोव्स्की, मुलगी स्क्लोदोव्स्का, सगळे मिळून स्क्लोदोव्स्त्सी, विभक्ती लागली की ‘स्क्लोदोव्स्क्येय’, ‘स्क्लोदोव्स्कां’ अशी आणखी रूपे होतात. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांत बायका-मुलेच बहुसंख्य होती. त्यामुळे करवीरच्या लोकांना पोलिश आडनावे ऐकू आली ती अधिक करून याच ‘स्का’च्या रूपात. मुलीचे ‘स्का’ आणि पत्नीचे ‘स्का’ यांत फरक नसतो, म्हणून एखादी स्क्लोदोव्स्का त्या कुळात जन्मली की लग्न होऊन आली, हे नावावरून सांगता येत नाही. फक्त परक्या आडनावाच्या माणसाशी लग्न झाल्यावरच बाईला निवड करावी लागे. वाढून मोठ्या झालेल्या तिन्ही बहिणींनी ती तीन तऱ्हांनी केली. आईचेच नाव असलेल्या ब्रोनिस्लावाने काझिमिएझ द्लुस्की या डॉक्टराशी लग्न केले आणि ती सरळ द्लुस्का झाली. हेलेना ही स्क्लोदोव्स्का-शालाय झाली. आणि मारियाचे जे झाले त्यावर पोलंड आणि फ्रान्स यांचे आजही एकमत नाही.

१८९१ मध्ये ती पॅरिसला आली आणि सोरबोन विद्यापीठाच्या नोंदवहीत मारियाची मारी झाली. नाव तिने फ्रेंच करून घेतले, आडनाव तसेच ठेवले. फ्रेंच माणसाला ते उच्चारणे अवघड जाई हे वेगळे. २६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळच्या सो येथे तिचे पिएर क्युरी यांच्याशी लग्न झाले. येथे फ्रेंच कायद्याची एक गंमत आहे, जी फ्रान्सबाहेर फारशी ठाऊक नसते. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली झालेल्या एका कायद्याप्रमाणे कोणाही नागरिकाला जन्मनोंदीतल्या नावाखेरीज दुसरे नाव धारण करता येत नाही. लग्नानंतर बाई नवऱ्याचे नाव वापरते ती केवळ वहिवाट. कायद्याच्या लेखी ती जन्मभर माहेरच्याच नावाची. म्हणजे ज्या फ्रान्सने तिला जगभर ‘मादाम क्युरी’ करून सोडले त्याच फ्रान्सच्या सरकारी दप्तरात ती ‘स्क्लोदोव्स्का, क्युरी यांची पत्नी’ हीच होती.

तिने स्वतः काय केले ते छापील कागदांवरून दिसते. एप्रिल १८९८ मध्ये युरेनियम आणि थोरियमच्या किरणांवरचा तिचा पहिला स्वतंत्र निबंध अकादमीपुढे वाचला गेला तो ‘मादाम स्क्लोदोव्स्का क्युरी’ या नावाने. १९०३ च्या डॉक्टरेटच्या प्रबंधावरही तेच नाव. पोलोनियमचा निबंध पॅरिसमध्ये निघाला त्याच सुमारास ‘श्व्यात्लो’ या वॉर्साच्या मासिकात पोलिशमध्येही आला. स्वतःच्या एकटीच्या कामावर ती माहेरचे आडनाव पुरे लिहीत होती आणि नवऱ्याबरोबरच्या कामावर ते एका अक्षरावर येऊन डिसेंबरात नाहीसे झाले, असे दिसते. यात कोणी कोणावर अन्याय केला असे मला वाटत नाही. पिएर यांच्या स्वभावाविषयी जे लिहिले गेले आहे त्यावरून तर नाहीच. पण नाव छापताना ज्या घराची पत असते त्या घराच्या बाजूला ते कलते, हे पॅरिसलाही चुकले नाही.

ही पत किती पातळ होती ते १९११ साली दिसले. पिएर १९०६ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात वारले होते. जानेवारी १९११ मध्ये विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत मारी थोडक्या मतांनी भौतिकशास्त्रज्ञ एदुआर ब्रांली यांच्याकडून हरल्या, आणि तत्पूर्वी राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी त्यांच्या परकेपणावर भरपूर शाई खर्च केली होती. वर्षअखेरीस भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांवरून गदारोळ उठला तेव्हा तर फ्रेंच संसार मोडणारी परदेशी बाई हेच त्यांचे वर्णन झाले. नोबेल मिळाले की त्या फ्रान्सच्या मादाम क्युरी आणि बदनामी करायची झाली की पोलंडहून आलेली स्क्लोदोव्स्का. आडनावातला कोणता तुकडा कोणत्या प्रसंगी पुढे करायचा हे इतरांनी ठरवावे, असा हा मामला होता. रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल त्यांना याच वर्षाअखेर मिळाले.

पोलंड १९१८ मध्ये पुन्हा नकाशावर आले आणि तेथे या आडनावाला सार्वजनिक आयुष्य लाभले. तेथे वाद असतो तो क्रमाचा. १९४४ च्या ऑक्टोबरात, युद्ध चालू असतानाच, लुब्लिन येथे स्थापन झालेले विद्यापीठ ‘मारिया क्युरी-स्क्लोदोव्स्का’ यांच्या नावाचे आहे. म्हणजे ज्या शहरात आजोबा युझेफ मुख्याध्यापक होते त्या शहरात नातीच्या नावात सासर आधी आले. वॉर्साच्या कर्करोगसंस्थेच्या नावात स्क्लोदोव्स्का आधी आहे. दुसऱ्या नोबेलची शताब्दी म्हणून २०११ हे वर्ष पोलिश संसदेने ‘मारिया स्क्लोदोव्स्का-क्युरी वर्ष’ जाहीर केले तेव्हाही माहेर आधी होते. १९९५ मध्ये पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात त्यांच्या अस्थी हलवल्या गेल्या, तेथल्या शिळेवर क्युरी आधी आणि स्क्लोदोव्स्का मागून. संशोधकांना युरोपीय संघाकडून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या पूर्वी नुसत्या मारी क्युरींच्या नावाने ओळखल्या जात. २०१४ पासूनच्या कार्यक्रमात त्यांत स्क्लोदोव्स्का घातले गेले. पॅरिसच्या एका मेट्रो स्थानकाला मात्र पिएर आणि मारी क्युरी हीच नावे आहेत, आणि तिथल्या एका विद्यापीठालाही २०१७ पर्यंत हीच होती. मला या क्रमाच्या भांडणात पडावेसे वाटत नाही, कारण प्रबंधाच्या मुखपृष्ठावर माहेर आधी आणि सासर नंतर, असा निर्णय त्यांनी स्वतःच करून ठेवलेला आहे.

आयरीन आणि एव्ह या दोन्ही मुलींना त्यांनी पोलिश शिकवले, पण आडनाव देता येण्यासारखे नव्हते. मुली क्युरीच झाल्या. पुढे आयरीनचे लग्न फ्रेदेरिक जोलियो यांच्याशी झाले आणि दोघे जोलियो-क्युरी म्हणून प्रसिद्धीस आली, तरी शोधनिबंधांवर ती आपले नाव आयरीन क्युरी असेच घालत असे. आईच्या बाबतीत जे आद्याक्षरापुरते उरले होते ते मुलीने पुरते लावले, पण ते आजोळचे नव्हे, वडिलांचे.

विज्ञानाच्या परिभाषेत स्क्लोदोव्स्का हे आडनाव एकटे, कोणाच्याही आधाराशिवाय, ज्या थोड्या ठिकाणी राहिले आहे त्यांतले एक खनिजशास्त्रात आहे. १९४४ मध्ये तयार केलेल्या ९६ क्रमांकाच्या मूलद्रव्याला क्युरियम नाव दिले ते पती-पत्नी दोघांच्या सन्मानार्थ. त्याच्या वीस वर्षे आधी, १९२४ मध्ये, आल्फ्रेड शूप या बेल्जियन खनिजशास्त्रज्ञाने बेल्जियन काँगोतल्या कटांगा प्रांतातून आलेल्या युरेनियम व मॅग्नेशियमच्या एका पिवळ्या खनिजाचे वर्णन केले आणि त्याला ‘स्क्लोदोव्स्काइट’ म्हटले. शूपला मारींच्या माहेरच्या नावाचे फार प्रेम होते म्हणून तसे झाले, असे मानण्याची गरज नाही. पिएर यांच्या स्मरणार्थ त्याने आधीच एका खनिजाला ‘क्युराइट’ म्हणून ठेवले होते, आणि तेच नाव दुसऱ्यांदा देता येत नव्हते.